मंडईतला जावई

दुसऱ्याच्या सतरंजीवर जाऊन बसणं ही काही प्रेमात पडायची रीत नव्हे. पण माझं झालं ते असंच.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर मी आणि माझी मामेबहीण तृप्ती साकोलीकडच्या एका गावात मंडईच्या जत्रेतलं नाटक पाहायला गेलो होतो. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत स्टेज, समोर उघड्या आभाळाखाली सारं गाव, आणि सतरंजीखालून टोचणारी धसकटं. आमच्या झाडीपट्टीत नाटक रात्री सुरू होतं ते कोंबडा आरवेपर्यंत चालतं. लोक दुपारीच येऊन चटया टाकतात, जागा धरून ठेवतात. पहिला अंक संपल्यावर मी चहा प्यायला गेले आणि परत येईपर्यंत दिवे गेले. चाचपडत आमच्या सतरंजीवर बसले, तृप्तीच्या अंगावरची दुलई माझ्या पायांवर ओढली आणि म्हटलं, "सरक ना वो, किती जागा पायजे तुले..."

"सरकलो," पुरुषाचा आवाज आला. "आणखी सरकलो तं बाजूच्या आजीच्या मांडीवर बसावं लागन."

मी मुळातच घाबरट. शाळेत हजेरी घेताना स्वतःचं नाव आलं तरी दचकायची. मी उठायला गेले, तेवढ्यात मागून ओरड झाली — "बसाऽऽ खाली!" प्रवेश चालू असताना आमच्याकडे उभं राहणारा माणूस आणि चोर, दोघांना सारखीच वागणूक मिळते. बसले मुकाट.

"आता प्रवेश संपेपर्यंत तुमची सुटका नाही," तो हळूच म्हणाला. "माही बी नाही. दुलई तुमच्याकडे हाय."

मी दुलई परत ढकलली. त्याने अर्धी माझ्या पायांवर ठेवली आणि मध्ये हातभर अंतर सोडून बसला, स्टेजकडे तोंड करून. समोर नायिका माहेर सोडून जायचं गाणं म्हणत होती. ऑर्गनचा सूर थंडीत लांबवर जात होता. मला रडू यायला लागलं. नाटकात मी नेहमी रडते, विनोदी प्रवेशातसुद्धा.

"रडून राहिल्या का?"

"नाही. दहिवर पडून राहिलं."

"फक्त डोळ्यातच?"

मला हसू आलं... आणि लगेच भीती वाटली. असं अनोळखी माणसाशेजारी हसू येणं काही बरं लक्षण नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. गाणं संपलं तेव्हा तो उठून उभा राहिला आणि खणखणीत ओरडला, "वन्स मोऽऽर!" मागच्यांनी शिव्या दिल्या. पण नायिकेने गाणं पुन्हा म्हटलं, आणि मी पुन्हा रडले.

दिवे लागले तेव्हा पाहिलं. सावळा, नाकावर जाड भिंगाचा चष्मा, गळ्यात मफलर. "मी वीरेंद्र. एकोडीचा," तो म्हणाला. मी नुसतं "प्रतिक्षा" म्हटलं, आडनाव सांगितलं नाही. आमच्याकडे आडनाव सांगितलं की समोरच्या माणसाचा चेहरा बदलतो की नाही, हे पाहायची सवय लागलेली असते आणि त्या रात्री मला ते पाहायचं नव्हतं.

नंतर कळलं, तो भंडाऱ्याला मामाच्या भांड्यांच्या दुकानात बसतो. मी भंडाऱ्यातच एका लॅबमध्ये रक्त तपासते, एवढं मी त्या रात्री बोलून गेले होते. एक दिवस तो लॅबमध्येच उगवला. हात पुढे करून म्हणाला, "रक्त काढा."

"कोणती टेस्ट?"

"कोणतीही. तुमी म्हणसान ती."

सुई पाहिली आणि हा गडी पांढराफटक पडला. मी विचारलं, "भेव वाटते?" तर मान हलवून "बहुत" म्हणाला. एवढा दांडगा वन्स मोरवाला, आणि सुईला भितो... त्या दिवशी मी त्याला घर सांगितलं. दिघोरीजवळची आमची टोली, छोटीशी वस्ती. टोलीत कोणत्या बाजूला, तेही सांगितलं. "विहाराच्या बाजूले." आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले.

त्याने कापसाचा बोळा दाबून धरला होता. "मंग तुमच्या गावची मंडई कधी असते?" एवढंच विचारलं त्याने.

मग सारा हिवाळा आम्ही नाटकं पाहिली. एकत्र नाही, तेवढी हिंमत माझ्यात कुठली. मी तृप्तीबरोबर आमच्या सतरंजीवर, तो लांब चहाच्या टपरीजवळ. मला जे गाणं आवडेल त्याला तो वन्स मोर द्यायचा. त्याला कसं कळायचं कोण जाणे. मी विचारलं तर म्हणाला, "तुमी ओढणीचं टोक दातात धरता ना जी, तवा समजायचं." त्यानंतर मी ओढणी आवरून बसायला लागले आणि त्याचे अंदाज चुकायला लागले. एका रात्री त्याने चक्क खलनायकाच्या गाण्याला वन्स मोर दिला. मी पोट धरून हसले. तृप्तीने मला चिमटा काढला. "पाहा वो पोट्टे... गाव पाहून राहिलं."

गाव पाहतं, हीच तर भीती. कुणी मला काही म्हटलं नव्हतं, पण बाबा एकदा नाटकावरून येताना बोलले होते. बाबा पोस्टात, पंचक्रोशीत त्यांना न ओळखणारा माणूस नाही. त्या नाटकात एक पाटलाचा पोरगा आणि मजुराची पोरगी पळून गेली होती, आणि शेवटच्या अंकात सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले होते. बाबा सायकल हातात धरून चालत होते. म्हणाले, "नाटकात पळालेले शेवटच्या अंकात वापस येतात बेटा. खऱ्यात येत नाहीत. आन् त्याईच्या पोट्ट्याले काही होत नाही. होते ते आपल्या पोरीले." त्यांनी हे रागाने म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण त्यांचा आवाज घाबरलेला होता, आणि तो मला फार जड गेला.

यंदा आमच्या टोलीची मंडई ठरली. मंडई म्हणजे दिवसभर दुकानं, दंडारीचे नाच, पाहुणे, आणि रात्री नाटक. लेकी माहेरी येतात, जावई येतात, सोयरिकीही जुळतात. आईने मला सांगून टाकलं, मंडई आटोपली की साकोलीहून पाहुणे तुला पाहायला येतील. मी वीरेंद्रला फोन केला आणि रडत सगळं सांगितलं.

त्याने मला रडून घेऊ दिलं. मग म्हणाला, "मी मंडईले येतो."

"नोको येऊ. माह्या गावात नोको येऊ, वीरेंद्र."

"नाटक पाहाले येईन. लांबून."

"माह्या बाबाले समजलं तं..."

"मले तुले काही विचारायचं हाय. फोनवर नाही." त्या रात्री पहिल्यांदा तो मला 'तू' म्हणाला आणि मी घाईघाईने फोन ठेवून दिला. भीतीने की आणखी कशाने, ते मला आजही सांगता येणार नाही.

मंडईच्या रात्री थंडी कडक होती. बोडीच्या पाण्यावरून गार वारा येत होता. मी आई आणि तृप्तीच्या मध्ये बसले होते, बाबा पुढे नाटक भरवणाऱ्या मंडळाच्या लोकांत. मागे वळून पाहायचं नाही असं ठरवलं होतं. वळले. टपरीच्या बल्बखाली चष्मा चमकला. मी लगेच मान फिरवली आणि मग पहिला अंक मला काही दिसला नाही.

दुसऱ्या अंकात नायिका नदीच्या घाटावर उभी राहून गायली. कुणाची वाट पाहायची आणि तो आला तर काय, नाही आला तर काय, असं काहीसं होतं. मी विसरले आणि ओढणीचं टोक दातात धरलं.

गाणं संपलं. वन्स मोर ऐकू आला नाही. त्याऐवजी मंडळाचा सेक्रेटरी मनिष माईक घेऊन पडद्यापुढे आला. आमच्याकडे गाणं आवडलं की माणूस बक्षीस पाठवतो आणि देणाऱ्याचं नाव माईकवर पुकारलं जातं. मनिष पुण्याला कंपनीत असतो, वर्षातून मंडईपुरता गावात येतो. गावात कुणाची लग्नं झाली, कुणाची राहिली, त्याला कुठून माहीत. आणि एक गोष्ट गावात सगळ्यांनाच माहीत आहे — बक्षिसाबरोबर बाईचं नाव कोण घालतो? फक्त पहिल्या दिवाळीला आलेला नवा जावई. मंडळ त्याला स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ देतं, आणि जावई वर्षभर ते सांगत फिरतो.

"एकोडीचे श्रीयुत वीरेंद्र," मनिष म्हणाला, आणि माझ्या दातातून ओढणी सुटली, "आणि सौभाग्यवती प्रतिक्षा... आपले पोस्टवाले कृष्णरावजी यांची कन्या... या जोडप्याकडून या गाण्याला बक्षीस! जावईबापूंनी स्टेजवर यावं. मंडळातर्फे सत्कार."

ऑर्गनवाल्याने लग्नाची धून वाजवली. लोकांनी टाळ्या पिटल्या. आणि मग टाळ्या विरत गेल्या, कारण गावाला आठवलं की माझं लग्न झालेलंच नाही.

शेजारच्या धुरपताआजीने मला कोपराने ढोसलं. "काहून वो प्रतिक्षा, लगन कवा उरकलं? जेवाले बी नाही बलावलं."

आईने माझं मनगट पकडलं. बोटं रुतली. माझ्या दिशेने माना वळत गेल्या, एक ओळ, मग पुढची ओळ. मी आयुष्यभर ज्याला घाबरत होते ते हेच होतं. सगळे माझ्याकडे पाहत होते.

मी ओढणीआड मोबाईल धरून त्याला लिहिलं, 'पळ.' टपरीच्या मागेच त्याची मोटरसायकल होती. अंधार होता. तो सहज गेला असता. मनात म्हणत होते, जा रे, जा... आणि त्याच वेळी दुसरं मन म्हणत होतं, गेलास तर मी तुला जन्मात माफ करणार नाही.

तो खिशातून मोबाईल काढून पाहताना मला दिसला. त्याने तो परत खिशात ठेवला. मग बसलेल्या माणसांतून वाट काढत पुढे यायला लागला. "सरका जी... पाय लागला, माफ करा जी... सरका आजी..." इतका लांब रस्ता मी कधी पाहिला नाही. कुणी पाय आवरले, कुणी मुद्दाम आवरले नाहीत. मागे पोरं उभी राहिली होती, विहाराच्या बाजूची आणि दुसऱ्या बाजूचीही, आणि या वेळी त्यांना "बसा खाली" कुणी म्हणालं नाही.

तो स्टेजवर चढला. मनिषने शाल उलगडली होती. वीरेंद्रने हात जोडले आणि माईक मागितला.

"मी कोणाचा जावई नाही," तो म्हणाला. आवाज फाटत होता. लॅबमध्ये सुई पाहून झाला होता तसाच चेहरा. "सेक्रेटरी साहेबानं विचारलं, कोणाच्या पसंतीचं गाणं, तं माह्या तोंडातून नाव निघालं. चूक माही हाय. त्या पोरीचा यात काही हात नाही. मी तिले अजून काही विचारलं बी नाही. तिच्याकडे पाहू नका जी... माह्याकडे पाहा."

कुणीतरी शिट्टी वाजवली. मागून कुणीतरी ओरडलं, "कोणाचा गा तू? आडनाव सांग!"

त्याने सांगितलं. आणि मग जी शांतता पडली तिच्यात जनरेटरची घरघर ऐकू यायला लागली. आता लोक त्याचं आडनाव आणि आमचं आडनाव शेजारी शेजारी ठेवून पाहत होते.

पुढच्या ओळीत बाबा उठले.

मला वाटलं, आता ते त्याच्या कानाखाली वाजवतील. किंवा मला नाव घेऊन हाक मारतील. मी उठायला गेले तर आईने मनगट सोडलं नाही. बाबा सावकाश स्टेजच्या पायऱ्या चढले. मनिषच्या हातातली शाल घेतली, नीट झटकली, वीरेंद्रच्या खांद्यावर टाकली. मग नारळ त्याच्या हातात दिला.

"हा जावई नाही," बाबा माईकमध्ये म्हणाले. "पाहुणा हाय. माह्या गावात नाटकाले आलेला पाहुणा रिकाम्या हातानं जात नाही. टाळ्या वाजवा आन् गाणं पुन्हा होऊ द्या."

आधी कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. मग धुरपताआजीने वाजवल्या. आजीला ऐकू कमी येतं, तिला काय समजलं देव जाणे... पण तिच्यामागून बाकीच्यांनी वाजवल्या. बाबांनी माईक बाजूला करून वीरेंद्रच्या कानात काहीतरी सांगितलं. तो मान हलवून खाली उतरला. थोड्या वेळाने रस्त्यावर मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. नायिका तेच गाणं पुन्हा गायली आणि मी या वेळी रडलेसुद्धा नाही, इतकी घाबरले होते.

बाबा आमच्या सतरंजीवर येऊन बसले. मी म्हटलं, "बाबा..."

"मले नाटक पाहू दे," ते म्हणाले.

उजाडताना घरी परतलो. ते अंगणात खाटेवर बसले आणि हात पुढे केला. "पाहा. अजून थरथरून राहिला." मी तो हात धरला. ते म्हणाले, "मी बहुत भ्यालो बेटा. तो पळाला असता, तं मी तुले घेऊन उद्याच नागपूरले मामाकडे गेलो असतो. पण पोट्टा सर्वाईसमोर आला. एकटा आला. मंग बसून कसं राहावं?"

"कानात काय सांगितलं त्याले?"

"सकाळी माय-बापाले घेऊन माह्या घरी येजो मनलं. दिवसा, सरळ रस्त्यानं, लोकाईच्या डोळ्यासमोर. नाही आणता आलं, तं माह्या पोरीले फोन बी नोको करजो."

बाबांनी मागितलं ते रास्तच होतं, आणि म्हणूनच मला रडू आलं. एकोडीहून आमच्या घरी, विहाराच्या बाजूला, त्याची माय येणार? बाप येणार? मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. पण अशी घरं पाहिली होती.

ऊन चढलं. मी अंगण झाडलं, पुन्हा झाडलं. तृप्ती म्हणाली, "पोपडे निघतील वो." मंडईचे पाहुणे आपापल्या गावाला निघाले होते. जाणारा प्रत्येकजण आमच्या दाराशी चाल हळू करत होता. मोबाईल मी आईच्या हवाली केला होता, नाहीतर मी त्याला लिहिलं असतं की येऊ नको, आपण भ्यालेलेच बरे.

मोटरसायकल आली तेव्हा मी आत पळाले. दाराच्या फटीतून पाहिलं. मागच्या सीटवर एक बाई होती, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. एकटीच. मागून दुसरी गाडी आली नाही.

बाबा फाटकापाशी गेले. वीरेंद्रने मान खाली घातली. "बाबा नाही आले जी. नाही येणार म्हणाले. माय आली."

बाबा मागच्या रस्त्याकडे पाहत राहिले. त्यांनी दोघांना बोलावलं होतं, एकालाच नव्हे. मी दाराची कडी धरून उभी होते आणि माझ्या आयुष्याचा निकाल त्यांच्या तोंडावर शोधत होते. शेवटी ती बाईच पुढे झाली.

"मी शकुनबाई," ती म्हणाली. "रस्ताभर भेऊन भेऊन आली मी दादा. गाववाले काय मनतील, घरधनी घरात घेईल का नाही... पण पोरगा रातभर झोपला नाही. आन् मले काही समजत नाही तुमचं-आमचं. तहान मातर बहुत लागली. घरात पाणी असन ना?"

बाबांनी खुर्ची ओढली. मला हाक मारली.

मी पाणी घेऊन बाहेर आले. पेला काठोकाठ भरला होता. तिने तो घेतला तेव्हा थोडं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. तिने फाटकापाशी जमलेल्या लोकांकडे एकदा पाहिलं आणि उरलेलं सगळं पाणी पिऊन टाकलं. मग पेला परत करताना हळूच म्हणाली, "तूच का वो ते गाणं आवडणारी?"

आई चुलीकडे वळली. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. बाबा वीरेंद्रला म्हणाले, "बाप आल्याबिगर लगनाची गोष्ट नाही. वर्ष लागो का दोन. पण तुले पोरीले जे विचारायचं हाय, ते विचार. इथंच, अंगणात. लपून नाही."

आम्ही अंगणाच्या मधोमध उभे राहिलो. फाटकाबाहेर अर्धी टोली होती, खिडकीत तृप्ती. वीरेंद्रने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"काय विचारायचं होतं?" मी म्हटलं.

"विसरलो."

"मंग जा वापस."

"नाही... आठवलं." तो माझ्याकडे पाहायला लागला. "माह्या बाबाले यायले बहुत दिवस लागतील, प्रतिक्षा. लोक नाव ठेवतील. तुले भेव वाटत असन. तरी थांबशील का?"

भीती वाटत होतीच. त्याच्या बापाची, फाटकातल्या लोकांची, पुढच्या मंडईची, सगळ्याची. मी घाबरट ती घाबरटच. पण एक गोष्ट मला त्या वेळी लख्ख समजली — त्याच्याशिवाय राहायची भीती या सगळ्यांपेक्षा मोठी होती.

"भेव वाटून राहिला," मी म्हटलं. आणि मग फाटकातल्या लोकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "थांबीन मी."